सोनेरी पडद्यांचे चित्रकार

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून पाठवा, असं संपादक मंडळाने कळवलं. आठवणी बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. म्हणून मी इतिहास लिहिते आहे, तोही आपल्या पुस्तकात नसलेला. त्या पुस्तकात जपान यायचा तो बहुधा महायुद्धाच्या धड्यात, हिरोशिमा-नागासाकीपुरता. पुढे नोकरीच्या निमित्ताने मी दोन वर्षं टोकियोत राहिले. सुट्टीच्या दिवशी उएनो बागेतल्या राष्ट्रीय संग्रहालयात जायची सवय लागली. तिथे घडीच्या पडद्यांवरची चित्रं बघता बघता ती काढणाऱ्या माणसांच्या गोष्टीत मी गुंतले. चारशे वर्षं दरबाराच्या आश्रयावर जगलेलं एक घराणं, आणि दरबारच नाहीसा झाल्यावर त्या घराण्याच्या दोन शिष्यांचं काय झालं, याची ही गोष्ट आहे. आपल्या वयाच्या माणसांनी ती वाचावी असं मला वाटतं. का, ते पुढे येईल.

आधी पडदा म्हणजे काय ते सांगते. आपल्या लहानपणी दवाखान्यात तपासणीच्या टेबलापुढे तीन भागांचा, घडी होणारा पडदा असायचा, तो आठवा. जपानी भाषेत घडीच्या पडद्याला ब्योबु म्हणतात. शब्दाचा अर्थ वारा अडवणारा. जपानी वाड्यांत पक्क्या भिंती कमी आणि सरकती दारं जास्त. त्यामुळे वारा अडवायला, आडोसा करायला, मोठ्या दालनाचे भाग पाडायला हा पडदा उभा करायचा. गरज संपली की घडी घालून ठेवून द्यायचा. ही वस्तू चीन-कोरियाकडून जपानात आली. नारा शहरातल्या शोसोइन या भांडारात आठव्या शतकातले पडदे अजून जपलेले आहेत. सुरुवातीला प्रत्येक भागाला वेगळी चौकट असायची आणि ते भाग एकमेकांना दोरीने बांधलेले असायचे. साहजिकच चित्रही तुकड्यातुकड्यांत. चौदाव्या शतकाच्या सुमारास कागदाच्या बिजागऱ्या आल्या, मधल्या चौकटी गेल्या, आणि सहाही भागांवर एकच सलग चित्र काढता येऊ लागलं. बिजागरी बदलली म्हणून चित्रकला बदलली, ही गोष्ट माझ्यातल्या इंजिनियरला फार आवडली.

हे पडदे बहुतेक वेळा जोडीने करतात, प्रत्येकी सहा भागांचे. चित्र उजवीकडून डावीकडे बघायचं, आणि तेही जमिनीवर बसून. पडदा नागमोडी उभा करतात, त्यामुळे आपण समोरून चालत गेलो की पाइनची फांदी जणू वळते. पार्श्वभूमीला सोन्याचा वर्ख. काजूकतलीवर चांदीचा वर्ख लावतात तसाच, पण चौकोनी तुकडे एकमेकांवर किंचित चढवून चिकटवलेला. जवळून पाहिलं तर त्या जोडांची जाळी दिसते. हिरवा आणि निळा रंग दगड कुटून केलेला, पांढरा शिंपल्यांच्या पुडीचा, आणि सगळं सरसात कालवलेलं. आता विजेचा प्रखर उजेड मनातून काढून टाका. अंधाऱ्या दालनात एक-दोन दिवे आहेत आणि त्यांचा उजेड सोन्यावरून परतून सरदाराच्या तोंडावर पडतो आहे, अशी कल्पना करा. श्रीमंती दाखवायचा आणि दालन उजळायचा तो एकच उपाय होता.

ही कामं करणाऱ्यांत सर्वांत मोठं नाव कानो घराण्याचं. मूळ पुरुष कानो मासानोबु. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्योतोतल्या आशिकागा शोगुनांचा तो अधिकृत चित्रकार झाला. शोगुन म्हणजे सत्ता चालवणारा सेनापती. सम्राट मानाचा धनी, कारभार शोगुनाकडे. छत्रपती आणि पेशवे डोळ्यांसमोर आणले की आपल्याला हे चटकन समजतं. मासानोबुचा मुलगा मोतोनोबु नुसता चित्रकार नव्हता, व्यवस्थापकही होता. चिनी पद्धतीची शाईची रेषा आणि जपानी पद्धतीचे रंग त्याने एकत्र आणले. सुलेखनात अक्षराचे रेखीव, मध्यम आणि मोकळे असे तीन प्रकार असतात, तसेच चित्राचे तीन प्रकार ठरवून दिले. त्यामुळे एका कारखान्यातले अनेक हात मिळून एका हाताने काढल्यासारखं चित्र काढू शकत. देवळं, वाडे, सरदार अशी सगळ्यांची कामं तो घेई, शिवाय हातपंखे रंगवून विकायचा धंदाही होता. शोगुनांची सत्ता तेव्हा खिळखिळी झाली होती. एकाच दारावर बसून भागणार नाही, हे त्याने ओळखलं होतं.

मोतोनोबुचा नातू एइतोकु. जन्म १५४३. त्याच्या काळात जपानात एकामागून एक सेनापती उठत होते आणि पडत होते. पहिला ओदा नोबुनागा. एइतोकुने क्योतो शहराचं चित्र असलेली पडद्यांची एक जोडी नोबुनागाने १५७४ मध्ये उएसुगी केनशिन या बलाढ्य सरदाराला भेट दिली. सोनेरी ढगांच्या फटींतून खाली सगळं शहर दिसतं: दुकानं, मिरवणुका, न्हाव्यापासून सरदारापर्यंत सुमारे अडीच हजार माणसं. पडदा ही तेव्हा राजकारणातली भेटवस्तू होती. पुढे नोबुनागाने आझुची इथे किल्ला बांधला आणि आतली सगळी चित्रं एइतोकु आणि त्याच्या माणसांकडून करून घेतली. या किल्ल्याचं चित्र असलेले पडदेही करवले आणि ते १५८१ मध्ये वालिन्यानो या जेझुइट पाद्र्याला दिले.

ते पडदे आपल्या दारावरून गेले आहेत. १५८२ मध्ये चार जपानी मुलं ख्रिस्ती शिष्टमंडळ म्हणून नागासाकीहून युरोपला निघाली, त्यांच्याबरोबर हे पडदे होते. मकाव, मलाक्का, कोचीन, गोवा असा प्रवास झाला. वालिन्यानोला वरिष्ठांच्या आज्ञेने गोव्यातच थांबावं लागलं. मुलं पुढे गेली आणि १५८५ मध्ये रोमला पोपना भेटली. पडदे व्हॅटिकनमध्ये लावले गेले, आणि पुढे कधीतरी नाहीसे झाले. अजून सापडलेले नाहीत. पोर्तुगीज भाषेत घडीच्या पडद्याला आजही बियोंबो म्हणतात, तो शब्द मात्र ब्योबुवरून आला आणि टिकला.

खुद्द आझुचीचं काय झालं? मुलं निघाली त्याच वर्षी, जून १५८२ मध्ये, नोबुनागाचा त्याच्याच सरदाराने घात केला आणि थोड्याच दिवसांत किल्ला जळाला. एइतोकुची तिथली सगळी चित्रं गेली. नोबुनागाच्या जागी तोयोतोमी हिदेयोशी आला. त्याला आणखी मोठे वाडे, आणखी सोनं हवं होतं, आणि लवकर हवं होतं. कानो घराण्यातच पुढे लिहिलेल्या इतिहासात म्हटलं आहे, की कामं इतकी होती की एइतोकुला बारीक काम करायला वेळच राहिला नाही, म्हणून तो प्रचंड झाडं आणि मोठमोठ्या आकृती काढू लागला. त्याच्या सिंहाच्या जोडीचा पडदा सव्वादोन मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद आहे. आज आपण त्याला भव्य शैली म्हणतो. मुदत जवळ आलेली असताना निघालेला तो मार्ग होता. आमच्या क्षेत्रातली मंडळी हे वाचून हसतील.

याच सुमाराला एक प्रतिस्पर्धी उभा राहिला, हासेगावा तोहाकु. नोतो प्रांतातला, कापड रंगवणाऱ्यांच्या घरात वाढलेला, दरबारात वडिलोपार्जित ओळख नसलेला. १५९० मध्ये क्योतोच्या राजवाड्यातलं एक काम त्याच्या गटाकडे जाणार होतं. एइतोकुने भाऊ आणि मुलाला घेऊन दरबारातल्या एका अधिकाऱ्याचं घर गाठलं आणि ते काम थांबवलं. त्या अधिकाऱ्याच्या रोजनिशीत ही नोंद आहे. त्यानंतर सुमारे महिनाभराने एइतोकु वारला. वय ४७. कामाच्या ओझ्यानेच गेला असं मानतात. पुढच्याच वर्षी हिदेयोशीचा लहानगा मुलगा दगावला, त्याच्या स्मरणार्थ मंदिर बांधलं गेलं आणि तिथलं मोठं काम तोहाकुला मिळालं. मंदिरासाठी फुललेल्या चेरीचं चित्र तोहाकुच्या मुलाने, क्यूझोने काढलं. तो १५९३ मध्ये ऐन पंचविशीत गेला. तोहाकुचं पाइनवृक्षांचं चित्र बहुधा त्यानंतरचं. त्यात सोनं नाही, रंग नाही. नुसती शाई, धुकं आणि धुक्यात विरणारी झाडं. बाराही भागांत मिळून अर्ध्याहून जास्त कागद कोरा आहे. संग्रहालयात त्याच्यासमोर लोक आपोआप हळू आवाजात बोलतात.

एइतोकुनंतर कानो मंडळींनी जे केलं त्याला आमच्या भाषेत बॅकअप म्हणतात. घराण्यातले काही तोकुगावांच्या सेवेत गेले, काही सम्राटाच्या दरबारात राहिले, आणि एइतोकुचा दत्तक मुलगा सानराकु तोयोतोमींकडे राहिला. १६१५ मध्ये तोकुगावांनी ओसाका किल्ला घेतला आणि तोयोतोमी कुळ संपवलं. सानराकुवर लपून बसायची वेळ आली. क्योतोजवळच्या एका मठवासी मित्राने त्याला आसरा दिला, पुढे माफी मिळाली. त्याच सुमाराला त्याच घराण्यातल्या तान्यूचं भाग्य उजळत होतं. हा एइतोकुचा नातू. लहान वयातच त्याला तोकुगावा इएयासुच्या भेटीला नेलं होतं. १६१७ मध्ये, पंधराव्या वर्षी, तो शोगुनाचा चित्रकार झाला. पुढे एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, त्याला घरासाठी जमीन मिळाली. क्योतोच्या निजो किल्ल्यात आजही जे अजस्र पाइनवृक्ष दिसतात, ते तान्यूने आणि त्याच्या हाताखालच्या मंडळींनी १६२६ च्या सुमारास सम्राटाच्या भेटीसाठी केलेलं काम. म्हणजे एकाच घराण्यात, एकाच पद्धतीने शिकलेला एक जण लपून बसलेला आणि दुसरा मानाच्या जागी. कोणाचा हात चांगला, याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

पुढची अडीचशे वर्षं शांततेची. कानो घराण्याच्या चार मुख्य शाखांना शोगुनाला प्रत्यक्ष भेटायचा मान मिळाला. त्यांच्या खाली दुसऱ्या फळीतली घराणी, त्यांच्या खाली संस्थानांचे चित्रकार, अशी उतरंड तयार झाली. तान्यूचा धाकटा भाऊ यासुनोबु याने १६८० मध्ये चित्रकलेवर एक पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो की चित्रं दोन प्रकारची, उपजत देणगीतून येणारी आणि शिकून येणारी. देणगी पुढच्या पिढीला देता येत नाही, म्हणून शिकून येणारं चित्र श्रेष्ठ. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे अरसिक वाटलं. मग कामावरचे प्रसंग आठवले. सगळं डोक्यात ठेवणारा एखादा हुशार माणूस कंपनी सोडून जातो आणि मागे राहिलेल्यांना त्याचं काम उलगडायला महिने लागतात. यासुनोबुला तेच नको होतं.

शिकणं म्हणजे नकला करणं. पंधराव्या वर्षाच्या आसपास मुलगा गुरूच्या चित्रशाळेत दाखल होई आणि दहा-दहा वर्षं ठरलेल्या क्रमाने जुन्या नमुन्यांवरून चित्रं उतरवी. शिक्षण पुरं झालं की गुरूच्या नावातलं एक अक्षर त्याला मिळे. आपले चित्रकलेचे सर फळ्यावर मोर काढायचे आणि आपण पन्नास-साठ जण तो वहीत उतरवायचो, त्याचीच ही लांबलेली आवृत्ती. या पद्धतीने चित्रं साचेबंद झाली, हा आरोप खराच आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत कानो चित्र म्हणजे सरकारी चित्र, असं लोक म्हणू लागले होते. पण याच पद्धतीमुळे चित्रकलेचं मूलभूत शिक्षण देशभर पोचलं. वेगळी वाट काढणाऱ्या ओक्योचे गुरू कानो परंपरेतले. छापचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या उतामारोच्या गुरूंनीही कानो पद्धतीचं शिक्षण घेतलं होतं.

आता त्या दोन शिष्यांकडे येते. कानो होगाई, जन्म १८२८, चोफू संस्थानच्या चित्रकाराचा मुलगा, शिकायला एदोला आलेला. हाशिमोतो गाहो, जन्म १८३५, त्याचे वडीलही त्याच परंपरेतले चित्रकार. दोघं एकाच गुरूच्या चित्रशाळेत शिकले आणि वर्गातले पहिले दोन म्हणून नावाजले गेले. सगळं पुढचं आयुष्य आखलेलं होतं: संस्थानची नेमणूक, ठरलेला तनखा, वाड्यांची कामं.

१८६८ मध्ये शोगुनशाही संपली. १८७१ मध्ये संस्थानं खालसा झाली. तनखे गेले. नव्या सरकारला रेल्वे हवी होती, तोफा हव्या होत्या, पाश्चात्त्य पद्धतीचं रेखाटन हवं होतं. सोनेरी पडदे नको होते. जुन्या सरदारांनी घरातले पडदे मिळेल त्या किमतीला विकले. होगाईने रेशमाचे किडे पाळून पाहिले, दुकान टाकून पाहिलं, जमलं नाही. मग टोकियोला येऊन चिनी मातीच्या भांड्यांसाठी नक्षी काढू लागला. गाहोने परदेशी पाठवायचे पंखे रंगवले, शामिसेन या तंतुवाद्याच्या घोड्या कोरून विकल्या. पुढे त्याला नाविक विद्यालयात नकाशे काढायची नोकरी मिळाली आणि ती त्याने बरीच वर्षं केली. पाइनची फांदी एका फटकाऱ्यात उतरवणारा हात किनारपट्टीच्या रेघा काढत होता.

१८७९ मध्ये गाहोच्या शब्दावर होगाईला शिमाझु या माजी संस्थानिकांच्या घरी चित्रकाराचं काम मिळालं. पगार महिना २० येन. स्वतः नकाशे काढत बसलेल्या माणसाने सोबत्यासाठी शब्द टाकला. इतिहासाच्या मोठ्या पुस्तकांत ही एक ओळ असते. मी तिथे बराच वेळ थांबले.

१८७८ मध्ये अर्नेस्ट फेनोलोसा नावाचा एक तरुण अमेरिकन टोकियो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायला आला होता. कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या चित्रांच्या तो प्रेमात पडला. १८८४ मध्ये त्याने होगाईचं काम पाहिलं आणि त्याला पाठबळ दिलं. आयुष्यभर नकला करत शिकलेला होगाई पन्नाशी उलटल्यावर नवं काहीतरी करू लागला: जुनी रेषा, पण पाश्चात्त्य चित्रांसारखी खोली आणि परदेशी रंग. फेनोलोसा आणि त्याचा विद्यार्थी ओकाकुरा यांच्या प्रयत्नांतून टोकियोत सरकारी कलाशाळा उभी राहत होती. तिथे शिकवायला होगाई जाणार हे ठरल्यासारखं होतं. नोव्हेंबर १८८८ मध्ये, शाळा सुरू व्हायच्या काही महिने आधी, तो वारला. घरात करुणामयी कानोनचं, म्हणजे अवलोकितेश्वराचं, चित्र जवळजवळ पुरं होत आलं होतं. त्यावरचा शेवटचा हात गाहोने फिरवला.

१८८९ मध्ये कलाशाळा सुरू झाली आणि गाहो तिथे प्राध्यापक झाला. १८९५ मध्ये, साठाव्या वर्षी, त्याने पुन्हा सहा-सहा भागांच्या पडद्यांची जोडी केली: एकावर ढगांतून येणारा ड्रॅगन, दुसऱ्यावर त्याच्याकडे पाहणारे वाघ. टीका बरीच झाली. त्याच्या विद्यार्थ्यांत योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो होते. १९०३ मध्ये हे दोघं कोलकात्याला टागोरांच्या घरी आले आणि त्यांची पद्धत पाहून अवनींद्रनाथांनी पाण्याचा हात देऊन रंग विरवायचं तंत्र घेतलं. मोतोनोबुच्या कारखान्यापासून निघालेला धागा असा आपल्या देशापर्यंत आला, आणि तो आणला शाळेने. दरबार तोवर इतिहासजमा झाला होता.

आता हे सगळं स्मरणिकेत का, ते. आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. दहावीनंतर सांगितलं गेलं ते आपण नीट शिकलो, वीस-बावीस वर्षं नोकऱ्या केल्या. गेल्या दोन वर्षांत आपल्या बॅचच्या ग्रुपवर ‘कुठे जागा आहे का’ असे निरोप येऊ लागले आहेत. माझा प्रकल्प बंद झाला तेव्हा तसा एक निरोप मीही टाकला होता. काही जणांनी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही, आणि त्यांचं कळलं तेव्हा सहा-सहा महिने उलटून गेले होते. आपण कुठेतरी कमी पडलो, असं त्यांना वाटत होतं. मला त्यांना होगाईची गोष्ट सांगायची आहे. भांड्यांवर नक्षी काढणारा होगाई आणि कानोन काढणारा होगाई, यांच्यामध्ये दहा वर्षंही नव्हती. हात तोच होता. पडला होता तो वाडा. आणि मधली वर्षं निभावली ती एका वर्गसोबत्याच्या शब्दामुळे. तेव्हा ग्रुपवर लिहा. ज्यांच्या शब्दाला कुठे किंमत आहे, त्यांनी तो टाका.

आपल्या सरांना आणि बाईंना एक सांगायचं आहे. यासुनोबु म्हणतो ते मला आता पटतं. देणगी आमच्यापैकी फार थोड्यांना होती. बाकीच्यांच्या हाती आज जे आहे, ते तुम्ही पुन्हा पुन्हा गिरवून घेतलेलं आहे.

कोणी टोकियोला जाणार असेल तर उएनोला जरूर जा. उजेडाने रंग आणि कागद खराब होतात म्हणून हे पडदे वर्षातून थोडेच आठवडे बाहेर काढतात; तोहाकुचे पाइन बऱ्याचदा नव्या वर्षाच्या सुमारास लावलेले असतात. होगाईची कानोन तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, कला विद्यापीठाच्या संग्रहात आहे. तीही क्वचितच दाखवतात, तेव्हा आधी चौकशी करून जा. आणि पडद्यासमोर गेलात की थोडं खाली वाकून, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवरून बघा.

— दहावी ‘ब’, १९९६